चारसूत्रीच्या दोरीवर चित्र: कोकणातल्या खाचरात भाताच्या रोपांनी चित्र कसं लावायचं

भातशेतीत हिरव्या आणि जांभळ्या पानांची रोपं लावून चित्र काढायचं ठरलं की वाडीतली चर्चा हमखास ‘काय काढायचं’ इथूनच सुरू होते. कोणी गणपती म्हणतो, कोणी वाघ, कोणी किल्ला. मी म्हणेन, चित्र सगळ्यात शेवटी ठरवा. आधी बघायची जागा नक्की करा, मग खाचर, मग बियाणं. या तिन्ही गोष्टी जमल्या तर साधा मासासुद्धा देखणा दिसतो. नाही जमल्या, तर कितीही चांगला चित्रकार आणला तरी शेतात नुसते जांभळे डाग दिसतील.

कल्पना जपानची. तिथल्या आओमोरी प्रांतातल्या इनाकादाते गावाने १९९३ मध्ये गावच्या जुन्या भातशेतीकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून जांभळ्या, पिवळ्या आणि हिरव्या पानांचं भात लावून इवाकी डोंगराचं चित्र केलं. २००३ मध्ये त्यांनी मोनालिसा लावली. ती वरून बघणाऱ्यांना कमरेखाली भलतीच जाड दिसली, आणि तेव्हापासून तिरप्या नजरेचं गणित करूनच आराखडा काढायची पद्धत त्यांनी धरली. आपल्याकडे पुण्याजवळ डोणज्याला श्रीकांत इंगळहळीकर यांनी २०१६ पासून अशी चित्रं लावली.

कोकणात ही गोष्ट तुलनेने सोपी आहे, त्याची कारणं दोन. सडा, म्हणजे उंचावरचं कातळाचं पठार, आणि त्याखालचा मळा ही रचना आपल्याला आयती मिळते, त्यामुळे मनोरा बांधावा लागत नाही. दुसरं कारण चारसूत्री लावणी, म्हणजे तुसाची राख, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, दोरीवरची लावणी आणि खताच्या गोळ्या ही चार सूत्रं पाळून भात करायची पद्धत. तिच्या दोरीवर चौकोन पडतात आणि त्या चौकोनांतच चित्र बसवायचं असतं. आलेख कागदाचं काम ती दोरी करते.

बघायची जागा

सड्याची कड, देवळाच्या पायऱ्या, शाळेची गच्ची, घाटातलं वळण, काहीही चालेल. माणसं सुरक्षित उभी राहतील आणि मध्ये आंब्या-काजूची फांदी येणार नाही, एवढं पाहा. मे महिन्यात मोकळं दिसणारं ऑगस्टमध्ये रानाने झाकलं जातं, हे कोकणात वेगळं सांगायला नको. ड्रोनसाठी चित्र लावू नये असं माझं मत आहे. वाडीतल्या म्हाताऱ्यांना चालत जाऊन बघता आलं नाही तर ते चित्र फक्त फोनपुरतं उरतं.

उंची आणि अंतर मोजून ठेवा. या लेखात उदाहरण म्हणून पुढची मापं धरली आहेत: बघणारा खाचरापेक्षा १५ मीटर उंच, खाचराची जवळची कड त्याच्यापासून ४० मीटरवर आणि दूरची ६४ मीटरवर. म्हणजे खाचर नजरेच्या दिशेने २४ मीटर लांब, आणि रुंदी २० मीटर. क्षेत्र ४८० चौरस मीटर, पावणेपाच गुंठ्यांच्या जवळपास.

खलाटीत, म्हणजे किनाऱ्याजवळच्या सखल भागात, किंवा रायगड-पालघरच्या सपाटीवर एवढं सलग खाचर सहज मिळेल. वलाटीत, म्हणजे आतल्या डोंगराळ भागात, मिळणार नाही. तिथे दोन-तीन कुणगे (लहान खाचरं) धरून चित्र करा आणि मधला बांध चित्रातलीच एखादी रेघ माना. चित्रासाठी बांध फोडायच्या भानगडीत पडू नका. वरच्या-खालच्या शेतकऱ्याचं पाणी बिघडतं आणि भांडण मात्र दहा वर्षं चालतं. पऱ्याला, म्हणजे पावसाळी ओढ्याला, लागून असलेलं खाचरही टाळा, जुलैच्या पहिल्याच पुराने चित्र वाहून जाईल.

बियाणं: काळा तांदूळ म्हणजे काळी पानं नव्हेत

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. बाजारात ‘काळा भात’ म्हणून जे बियाणं मिळतं, त्यात बहुतेकदा दाणा काळा आणि पान हिरवं असतं. चित्राला पान जांभळं लागतं, दाणा कसाही चालतो. म्हैसूरकडचं नजरबाद हे गडद जांभळ्या पानांचं वाण आहे आणि भारतात चित्रासाठी तेच जास्त वापरलं जातं. छत्तीसगडमध्ये रायपूरच्या कृषी विद्यापीठाने श्यामला हे जांभळ्या पानांचं वाण वेगळ्याच कामासाठी काढलं. तिकडच्या शेतात रानटी भात माजतं आणि ते लहानपणी लावलेल्या भातासारखंच दिसतं. पीकच जांभळं असलं की बेणताना (तण काढताना) हिरवं तेवढं उपटायचं. बियाणं विकणाऱ्याकडे महिनाभराच्या रोपाचा फोटो मागा. पान दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

हिरव्यासाठी बाहेरून काही आणू नका. तुमच्या जमिनीत जे चालतं तेच लावा, फक्त गणपतीची तारीख बघून हळवं (लवकर पिकणारं) की निमगरवं (मध्यम मुदतीचं) ते ठरवा. रत्नागिरी-१ किंवा कर्जत-३ ही हळवी वाणं ११५ दिवसांच्या आसपास तयार होतात, म्हणजे पेरल्यापासून ८५ दिवसांच्या सुमारास निसवतात, लोंबी बाहेर पडते. निसवल्यावर हिरव्याचा ताजेपणा जातो आणि जांभळाही फिका पडू लागतो. १० जूनला पेरलेलं हळवं भात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निसवेल. २०२७ मध्ये गणपती ४ सप्टेंबरला आहेत, तेव्हा ते जेमतेम चालून जाईल. २०२६ मध्ये मात्र १४ सप्टेंबरला आहेत, त्या वर्षी १३० दिवसांचं निमगरवंच हवं. चाकरमानी गावात असताना चित्र भरात असलं पाहिजे, नाहीतर एवढा खटाटोप कुणासाठी?

तिसरा रंग हवा असेल तर पिवळ्या पानांचं बियाणं शोधत बसू नका. हिरव्याच्या जागी दोन वाणं लावा, काही भागात हळवं आणि काही भागात गरवं (उशिरा पिकणारं). गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीला असतील त्या वर्षी तेव्हा दोन्ही हिरवी दिसतील. सप्टेंबरअखेरीला हळवं सोन्यासारखं पिकेल आणि गरवं हिरवंच राहील. गणपतीत न दिसलेला आकार मग दसऱ्याच्या सुमारास वर येतो. एका लावणीत दोन चित्रं मिळतात आणि जास्तीचा खर्च काहीच नाही.

बियाणं किती लागेल? पावणेपाच गुंठ्याला दीड किलो पुरतं. त्यातलं जांभळं चित्राच्या क्षेत्राप्रमाणे घ्या. साधारण तिसरा हिस्सा जांभळा असेल तर अर्धा किलो पुरेल, पण पाऊण किलो घ्या. जांभळं रोप नाजूक निघतं, आणि कमी पडलं तर ते शेजाऱ्याकडे मागून मिळत नाही.

आराखडा

उदाहरणातलं खाचर वरून कसं दिसेल? रुंदीच्या मानाने त्याची लांबी डोळ्याला फार दबलेली दिसते. जमिनीवर २० बाय २४ मीटरचा जवळजवळ चौकोन, पण वरून बघितला तर उंचीपेक्षा पावणेतीनपट रुंद पट्टा. शिवाय दबणं सगळीकडे सारखं नसतं. जवळच्या कडेची दोन मीटरची पट्टी जेवढी उंच दिसते, त्याच्या निम्म्याहूनही कमी उंच दूरच्या कडेची दोन मीटरची पट्टी दिसते. मोनालिसा कमरेत जाड झाली ती यामुळेच.

गणित न करता हे असं सोडवता येतं. मे महिन्यात खाचराच्या चारही बांधांवर दर दोन मीटरला बांबूची खुंटी ठोका. वीस मीटरच्या बाजूला ११ आणि चोवीस मीटरच्या बाजूला १३ खुंट्या लागतील. डोक्यावर ऑइलपेंट लावा, गेरू पहिल्या पावसात धुऊन जातो. खुंट्या बांधावरच ठोकायच्या, खाचरात नाही. चिखलणीत आतलं काहीच शिल्लक राहत नाही. मग समोरासमोरच्या खुंट्यांना पांढरी दोरी ताणा, बघायच्या जागी उभे राहा आणि सरासरी माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून एक फोटो काढा. फोटोत १२० चौकटी दिसतील, जवळच्या मोठ्या आणि दूरच्या चपट्या.

हा फोटो मोठा छापून घ्या आणि चित्र थेट त्या फोटोवर काढा, जसं दिसायला हवं तसंच. कोणत्या चौकटीत कोणती रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते बघून तीच रेघ साध्या चौकटीच्या कागदावर उतरवा. कागदावर चित्र ताणलेलं, वेडंवाकडं दिसेल. ते तसंच दिसलं पाहिजे. कागदावर सुबक दिसलं तर कुठेतरी चुकलंय.

प्रत्येक दोन मीटरच्या चौकटीत आता पाच बाय पाच असे २५ लहान चौकोन पाडा. एक चौकोन ४० सेंटिमीटरचा. हे माप चारसूत्रीच्या दोरीतून येतं, त्याबद्दल पुढे. एकूण ३००० चौकोन झाले. जांभळा चौकोन पेन्सिलने भरा, हिरवा कोरा ठेवा.

रेघ किती जाड

हा भाग नीट वाचा, कारण बरीचशी चित्रं इथेच बिघडतात.

तुम्ही वरून जमीन बघत नसता, तिरप्या नजरेने पानांचे शेंडे बघत असता. जांभळं वाण हिरव्यापेक्षा २० सेंटिमीटर बुटकं निघालं तर? उदाहरणातल्या कोनातून, खाचराच्या मध्यावर, पुढे उभं असलेलं हिरवं भात मागच्या जांभळ्याचा जवळपास ७० सेंटिमीटर भाग झाकतं. दूरच्या कडेला ८५ सेंटिमीटर. म्हणजे दोन चौकोनांची, ८० सेंटिमीटरची आडवी रेघ मागच्या बाजूला असेल तर पूर्ण गायब होईल.

म्हणून नजरेला आडव्या जाणाऱ्या रेघा कमीत कमी चार चौकोन रुंद ठेवा, मागच्या तिसऱ्या हिश्शात पाच. नजरेच्या दिशेने, म्हणजे तुमच्याकडून लांब जाणाऱ्या उभ्या रेघांना दोन चौकोन पुरतात, त्यांची रुंदी झाकली जात नाही. शक्य असेल तर हिरवं वाणच बुटकं निवडा.

या नियमातून कोणतं चित्र घ्यायचं तेही ठरतं. चेहरे टाळा. डोळ्यांच्या कडा, ओठ हे सगळं आडव्या बारीक रेघांचं काम आहे. मासा, गलबत, मोर, नारळाचं झाड, मोठ्या कानांचा गणपती असे भरीव आकार चांगले दिसतात. वारली पद्धतीची माणसं मला सगळ्यात योग्य वाटतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड होतं, आणि त्रिकोण चौकोनी जाळीत छान बसतो. डहाणू-जव्हारकडच्या घरांच्या भिंतींवर ती माणसं काढली जातात तीही तांदळाच्या पिठानेच, गेरूच्या लालसर भिंतीवर पांढऱ्या रंगात. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवर गडद पार्श्वभूमीवर फिकट रेघ असते. शेतात उलटं होतं, फिकटावर गडद. हातपायांच्या काड्या मात्र जाड कराव्या लागतील: पाय दोन चौकोन, पसरलेले हात चार.

फक्त एक पथ्य पाळा. लग्नातला चौक आणि त्यातली पालघाट देवी ही सवासिनींनी विधी म्हणून काढायची गोष्ट आहे. ती शेतात सजावट म्हणून लावू नये. तारपा नाच, बैल, ताडाची झाडं घ्या.

तरवा

मृगाचा पाऊस धरला की तरव्यासाठी, म्हणजे लावायच्या रोपांसाठी, गादीवाफे करा. अर्धा गुंठा पुरतो. दोन वाणांचे वाफे एकमेकांपासून लांब, शक्यतो दोन वेगळ्या तुकड्यांत ठेवा, आणि वाफ्यावर पाटी लावा. पाऊस जोराचा आला की बी वाहून एकमेकांत मिसळतं.

बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाका, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. वर तरंगेल ते पोचट बी काढून टाका. तळाचं बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. थायरम किलोला अडीच ग्रॅम चोळा. वाफ्यात भाताच्या तुसाची राख मिसळा, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. चारसूत्रीतलं हे पहिलं सूत्र, राखेतल्या सिलिकाने रोप ताठ होतं. राब (वाफ्याच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजला असेल तर तण कमी येईल, पण राखेचं काम तरीही करा.

पंधरा दिवसांनी जांभळ्या वाफ्यात उकिडवे बसा आणि हिरवी निघालेली रोपं उपटून टाका. आता ओळखू येतात. लावणीच्या घाईत मुठीत गेली की चित्रात भोकं पडतात.

चिखलणी आणि लावणी

चिखलणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात पसरून गाडा. हेक्टरी तीन टन या हिशेबाने आपल्या खाचराला १४५ किलोच्या आसपास. पालाच मुबलक असेल तर थोडा जास्त चालेल. चिखलणीनंतर फळी फिरवून जमीन नीट सपाट करा. एरवी थोडा उंचसखलपणा चालून जातो, चित्रात तो रंग म्हणून दिसतो. पाणी साचलेल्या खळग्यातलं भात वेगळ्याच हिरव्या छटेचं होतं.

आता दोरी. चारसूत्रीत नायलॉनच्या दोरीवर १५ सेंटिमीटर, २५ सेंटिमीटर, १५, २५ अशा खुणा आळीपाळीने करतात. ओळींमधलं अंतरही तसंच, १५ आणि २५. त्यामुळे चार चुडांचा (चूड म्हणजे एका जागी लावलेली दोन-चार रोपं) एक १५ बाय १५ चा चौकोन तयार होतो आणि पुढच्या चौकोनापर्यंत २५ ची वाट राहते. चौकोन अधिक वाट मिळून ४० सेंटिमीटर. हाच तुमच्या आराखड्यातला एक चौकोन. चारही चुडं एकाच रंगाची लावायची. तिरक्या कडा जरा गुळगुळीत हव्यात तर कडेच्या चौकोनात दोन चुडं जांभळी आणि दोन हिरवी लावा, त्याहून बारीक खेळ वरून दिसत नाही.

३००० चौकोन म्हणजे १२,००० चुडं. हिरव्याची चुडाला दोन-तीन रोपं, जांभळ्याची तीन-चार. २१ ते २५ दिवसांची रोपं घ्या.

दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी फक्त चार-पाच सराईत माणसं उतरवा आणि जांभळ्या आकारांच्या कडा लावून घ्या. बांधावरच्या खुंट्यांना आडव्या-उभ्या दोऱ्या ताणा, एक माणूस बांधावर आराखडा घेऊन उभा राहील आणि ओरडून सांगेल, ‘तिसऱ्या चौकटीत चार हिरवे, एक जांभळा!’ आराखड्याच्या प्रत्येक रांगेची वेगळी पट्टी कापून प्लॅस्टिकमध्ये घाला, पावसात कागदाचा लगदा होतो. त्या संध्याकाळी एकाने वर सड्यावर जाऊन बघून यावं. चूक असेल तर आजच दुरुस्त होईल. उद्या हिरवं भरल्यावर हात घालता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पैऱ्याने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायच्या रिवाजाने, सगळी वाडी उतरू दे. पोरांनाही घ्या. आतलं जांभळं आधी, मग हिरवं. नेहमीप्रमाणे मागे सरकतच लावायचं, लावलेल्या भागात परत पाय ठेवायचा नाही. जांभळ्या आणि हिरव्या मुठी खाचराच्या वेगवेगळ्या बांधांवर ठेवा. लावणीची गाणी सुरू झाली की कुणाच्या हातात कोणती मूठ आहे याचं भान राहत नाही.

लावणी झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) खोचा. पाणी उतरवून, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल. एक गोळी २.७ ग्रॅमची, म्हणजे ३००० चौकोनांना आठ किलोच्या थोडं वर. खत मुळाशी राहतं, पावसाने वाहत नाही, आणि चित्राला याचा वेगळा फायदा असा की सगळ्या चौकोनांना सारखं खत मिळून हिरवा एकसारखा दिसतो. वरून युरिया फेकला की पट्टे उठतात. नंतर ‘जरा काळोखी यावी’ म्हणून आणखी युरिया टाकायचा मोह आवरा. भात माजेल, करपा येईल, आणि भाद्रपदातल्या पहिल्या वाऱ्याला लोळेल.

श्रावणातली राखण

दहाव्या दिवसापर्यंत नांगे, म्हणजे रोप मेलेल्या रिकाम्या जागा, भरा. त्यासाठी दोन्ही तरव्यांचा दहावा हिस्सा वाफ्यातच राखून ठेवलेला असावा. खेकडे इथले मोठे शत्रू. ते बुंध्याशी रोप कापतात, बांधाला भोकं पाडून पाणीही सोडतात. हिरव्यातली दोन चुडं गेली तर कळत नाही, जांभळ्या रेघेतली गेली की वरून लगेच दिसतं. बांधाची भोकं रोज सकाळी बुजवा.

बेणणी दोनदा, आणि जांभळ्या भागाची जास्त काटेकोर. तिथलं प्रत्येक हिरवं पातं तण समजा. पाणी तीन ते पाच सेंटिमीटर ठेवा. तुडतुड्यांवर लक्ष असू द्या, ते एका जागी गोल करपवत जातात आणि चित्राच्या मध्यभागी तांबडा डाग पडतो. बघायला येणाऱ्यांना खाचरात उतरू देऊ नका, पायवाटेची रेघ महिनाभर मिटत नाही.

चित्र दिसायला लावणीनंतर साधारण सहा आठवडे लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत चुडांच्या मधलं पाणीच चमकत राहतं आणि वाडीतले जाणकार ‘काय दिसत नाय’ म्हणून जातात. फुटवे फुटून पानं एकमेकांना भिडली की मगच रंग भरतो. फोटोला ढगाळ दिवस चांगला. उन्हात बघायचं असेल तर सूर्य पाठीमागे असताना बघा.

कापणी

जांभळं आधी कापा, पिकायला चार दिवस पुढेमागे असलं तरी. ते वेगळ्या खळ्यावर, वेगळ्या ताडपत्रीवर झोडा. आधी हिरवं कापलं तर जांभळ्याच्या लोंब्या त्यात सांडतात आणि पुढच्या वर्षी तुमच्या खाण्याच्या भातात जांभळी रोपं उगवतात.

भात स्वपरागित आहे, त्यामुळे बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. फक्त आकारांच्या कडेची चुडं बियाण्याला घेऊ नका, मधल्या भागातलीच घ्या. जांभळ्याचं उत्पन्न नेहमीच्या भातापेक्षा कमी धरा, आणि हिशेब मांडताना ते आधीच सांगून टाका, म्हणजे घरात कुरबुर होत नाही. बी चांगलं उन्हात सुकवून ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणा, दाताखाली कडक मोडलं पाहिजे. कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरा आणि डब्यावर वाणाचं नाव, वर्ष आणि ‘पान जांभळं’ असं लिहा. झोडलेल्या जांभळ्या पेंढ्याची उडवी वेगळी रचायची गरज नाही, गुरं दोन्ही खातात. बांधावरच्या खुंट्या मात्र काढू नका. पुढच्या वर्षी त्याच खाचरात दुसरं चित्र लावायचं असेल तर मे महिन्यातलं अर्धं काम वाचेल.